घरगुती यंत्रविद्या : काळ्या तेलाचा हिशेब

ज्या घरांत मोटार आहे, त्या घरांतील एक तरी माणूस महिन्याकाठीं म्हणतोच कीं, "गाडी एकदां मेस्तरीला दाखवायला हवी." हें वाक्य आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, गाडीच्या पोटांत काय असतें, तें किती दिवसांनीं बदलावें लागतें आणि बदलल्यावर जुन्याचें काय होतें, हे प्रश्न आपल्या मनास शिवतहि नाहींत. हाताला काळें लागूं न देण्याची शिकलेल्या घराण्यांची संवय जुनी आहे. मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन आला तर आपण पेढे वांटतों. तोच मुलगा पान्हा घेऊन अंगणांत बसला तर 'हें काय आरंभलेंस?' असें विचारतों. या सदरांतून हा संकोच मोडण्याचा आम्ही यथाशक्ति प्रयत्न करीत आलों आहों. या खेपेस एका साध्या, विजेवांचून चालणाऱ्या साधनाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

नाशकांत द्वारका म्हटलें म्हणजे श्रीकृष्णाची नगरी कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. येते ती मुंबई–आग्रा महामार्ग व पुण्याचा रस्ता जेथें मिळतात, ती सदा गजबजलेली चौफुली. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी हटलेली नाहीं. या भागांत वाहनांचे सुटे भाग विकणारीं दुकानें आहेत. त्यांतल्याच एका दुकानांतून आमच्या पुतण्यानें पावसाळ्यापूर्वीं एक वस्तु घरीं आणली. कळशीएवढी प्लास्टिकची टांकी, तिच्यावर सायकलच्या पंपाला असते तशी मूठ, आणि सोबत वेटोळें करून ठेवलेल्या दोन-तीन बारीक नळ्या. मुलांस ती मोठी पिचकारी वाटली, आणि आमच्या मातोश्रींस झाडांवर औषध फवारण्याचा पंप. वस्तुतः ती या दोहोंच्या उलट जातीची. पिचकारी आंतलें बाहेर फेंकते. हें यंत्र बाहेरचें आंत घेतें. आम्ही त्याला तेल उपसण्याचा हातपंप म्हणूं.

तेल उपसावें कां लागतें, हें प्रथम पाहूं. इंजिनांतील तेल एकमेकांवर घासणाऱ्या भागांमध्यें पातळ पडदा धरून त्यांची झीज थांबवतें, आणि ज्वलनांतून येणारी काजळी व धातूचे सूक्ष्म कण आपल्या अंगावर घेतें. चूल सारवणारें पोतेरें जसें सारवतां सारवतां स्वतः काळें होतें, तसेंच हें तेल इंजिन स्वच्छ ठेवतां ठेवतां स्वतः मळतें. पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेंत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल त्या वेळीं तें बदलावें, असें सांगितलेलें असतें. गाडी अंगणांतून फारशी हलली नाहीं म्हणून तेल ताजें राहिलें, असा समज कोणीं करून घेऊं नये.

नेहमींची रीत अशी कीं, गाडी खड्ड्यावर किंवा उंच आधारावर घ्यावी, खालीं शिरून चेंबरचा नट सोडावा आणि तेल भांड्यांत गळूं द्यावें. ही रीत चांगली आहे. कारखान्यांत तीच शोभते. परंतु घरच्या अंगणांत तिच्यांत दोन धोके आहेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव टांगणीस लावणें होय. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. पक्के स्टँड लावल्यावांचून कोणीहि गाडीखालीं जाऊं नये. दुसरा धोका गाडीला आहे. नट पुन्हां बसवतांना तिरपा गेला किंवा फाजील जोरानें आवळला, तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि थेंब थेंब गळती कायमची मागें लागते.

हातपंपानें हें काम वरूनच होतें. तेलाची पातळी पाहण्याची जी पट्टी इंजिनांत असते, जिला मेस्तरी लोक डिपस्टिक म्हणतात, ती काढून तिच्याच वाटेनें बारीक नळी चेंबरच्या तळापर्यंत सोडावयाची. मूठ पंधरा-वीस वेळां वर-खालीं केली म्हणजे टांकींतील हवा विरळ होते आणि तेल आपोआप नळींतून वर चढूं लागतें. पंप तेल ओढतो असें आपण बोलतों, पण खरें पाहतां बाहेरची हवा तें ढकलत असते. शहाळ्याचें पाणी नळीनें पितांना आपण तोंडांतील हवेचा दाब कमी करतों, आणि शहाळ्यांतील पाण्यावर बसलेली हवा तें वर लोटते. तोच न्याय येथें. इटलींतील टोरिचेली यानें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीवरून हवेचा दाब दाखवून दिला. पुढें थोड्याच वर्षांत जर्मनींतील माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके यानें हवा उपसण्याचा पंप केला, आणि दोन अर्धगोल एकमेकांस जोडून त्यांतील हवा काढली असतां घोडे जुंपूनहि ते विलग होत नाहींत, हें लोकांस प्रत्यक्ष दाखविलें. समुद्रकांठीं हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो असतो. नाशिक घाटावर असल्यामुळें येथें तो किंचित कमी. तरी हात-दोन हात तेल चढविण्यास तो पुरून उरतो.

मग अडचण कोठें येते? नळीच्या बारीकपणांत आणि तेलाच्या दाटपणांत. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील प्वाझेय यानें बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा जो नियम शोधून काढला, त्याप्रमाणें नळीचा आंतला व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबानें वाहणारा ओघ निम्मा न राहतां सोळावा हिस्सा उरतो. म्हणून पट्टीच्या वाटेंत जाईल तितकी जाड नळी निवडावी. दाटपणाची गोष्ट आमच्या भगिनींस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. नाशिकच्या थंडींत खोबरेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाहीं. तीच घटकाभर उन्हांत ठेवली कीं तेल वाहूं लागतें. इंजिनाचें तेल तसें थिजत नाहीं, पण थंडपणीं तें दाट असतें खरें. हल्लींचें सामान्य प्रतीचें तेल शंभर अंशांवर जितकें दाट असतें, त्याच्या पांच-सहा पट तें चाळीस अंशांवर असतें. तेव्हां गरम तेल उपसणें हेंच या कामाचें अर्धें मर्म आहे.

कृति अशी. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा. इंजिन आठ-दहा मिनिटें चालवावें; मग बंद करून पांच मिनिटें थांबावें, म्हणजे वरचें तेल तळाशीं उतरतें. बंद दाराच्या गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये. त्या धुराला वास कमी आणि विष अधिक. हातमोजे घालावेत, कारण तेल इतकें गरम असतें कीं अंगावर उडाल्यास भाजतें. तेल भरण्याचें झांकण उघडावें, पट्टी काढावी आणि नळी हलक्या हातानें आंत सोडावी. ती तळाला टेकल्याचें बोटांस कळतें. तेल येऊं लागल्यावर मूठ हलविण्याचें कारण नाहीं. मात्र नळींतून बुडबुडे येऊं लागले म्हणजे ती थोडी वर-खालीं करून, किंचित फिरवून, पुन्हां तळ शोधावा. सर्व तेल निघण्यास दहा मिनिटेंहि लागतात, थंडींत त्याहून अधिक. हें काम घाईच्या माणसाचें नव्हे.

येथें आमची स्वतःची फजिती सांगणें उचित होईल. पहिल्या खेपेस पुतण्या व आम्ही मोठ्या उत्साहानें बसलों. बुडबुडे दिसतांच 'झालें' असें म्हणून आम्हीं नळी काढली, आणि पुस्तिकेंत साडेतीन लिटर लिहिलें आहे म्हणून तितकें नवें तेल मोजून ओतलें. पट्टी पाहतों तों तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर! तेव्हां कोठें टांकीवरील मापाकडे लक्ष गेलें : जुनें तेल जेमतेम अडीच लिटर निघालें होतें. नळीला वेटोळ्याची संवय लागलेली. ती तळाला न टेकतां मध्येंच वांकली होती, आणि लिटरभर जुनें तेल आंतच राहिलें होतें. तसेंच इंजिन चालविलें असतें, तर फिरणाऱ्या दांड्यानें तेल घुसळून त्याचा फेंस केला असता. आणि फेंसाला पडदा धरतां येत नाहीं. सुदैवानें ज्यानें चूक दाखविली त्याच पंपानें ती निस्तरली. वाढलेलें तेल आम्हीं पुन्हां उपसून काढलें. मात्र नव्यांत जुनें मिसळलें तें मिसळलेंच, आणि लिटरभर चांगल्या तेलाचे पैसे शिकवणीदाखल गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरीं नियम झाला आहे. नळी आधीं गरम पाण्यांत धरून सरळ करावी आणि पुसून पूर्ण कोरडी करावी. उपसलेलें तेल टांकीच्या मापावर पाहून वहींत लिहावें, आणि तो आंकडा पुस्तिकेंतील आंकड्याच्या जवळ आल्याशिवाय नव्या डब्याचें झांकण उघडूं नये. नवें तेल प्रथम अर्धा लिटर कमीच घालावें; मिनिटभर इंजिन चालवून, थांबून, पट्टी पाहून मग थोडें थोडें भर घालावें. आमटींत मीठ वाढवितां येतें, काढतां येत नाहीं, हें स्वयंपाकघरांतील शहाणपण येथेंहि लागूं आहे.

या साधनाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाहीं, किंवा जिची वाट नळीला तळापर्यंत जाऊं देत नाहीं, त्यांस हा पंप निरुपयोगी. तेलाचा फिल्टर पुष्कळ गाड्यांत खालच्या अंगास असतो आणि तो तेलाबरोबर बदललाच पाहिजे. तेव्हां फिल्टर खालीं असेल तर गाडीखालचें काम टळत नाहीं, तें मेस्तरीकडूनच करवून घ्यावें. तळाशीं बसलेला जड गाळहि पंपानें पुरता येत नाहीं. म्हणून अधूनमधून एखाद्या खेपेस नट सोडून तेल काढवावें, आणि नटाला धातूचा कीस लागला आहे काय, तें पाहण्यास मेस्तरीस सांगावें. दुचाकीचें तेल थोडें असतें आणि तिचा नट हाताशीं असतो. तिला पंपाची गरज नाहीं.

तेलाखेरीज इतर द्रवांसहि हा पंप उपयोगी पडतो, पण तेथें विवेक हवा. ब्रेकचा द्रव हवेंतील ओलावा शोषतो, आणि ओलावा वाढला कीं त्याचा उकळबिंदु उतरतो. डॉट-४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाला किमान २३० अंश उकळबिंदु लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठीं ती किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. कसाऱ्याचा घाट उतरतांना ब्रेक तापतात, आणि द्रव उकळून त्याची वाफ झाली तर पाय दाबूनहि गाडी थांबत नाहीं. वरच्या डबींतील मळका द्रव उपसून नवा घालतां येतो, पण त्यानें नळ्यांतील जुना द्रव बदलत नाहीं. तें काम जाणत्यानेंच करावें. यासाठीं नळी व भांडें अगदीं वेगळें ठेवावें, कारण इंजिनाच्या तेलाचा अंश ब्रेकच्या रबरांस फुगवून निकामी करतो. इंजिन थंड ठेवणारा कूलंट पुष्कळदां एथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो चवीला गोड आणि पोटांत गेल्यास जीवघेणा. उपसलेला कूलंट मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या वाटेंत क्षणभरहि ठेवूं नये. आणि पेट्रोलास या पंपाचा स्पर्शहि करूं नये. प्लास्टिकवर सांचलेल्या विजेची एक ठिणगी त्याच्या वाफेस पुरते.

पेट्रोलाचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट कळकळीनें सांगतों. टांकींत रबरी नळी घालून तोंडानें ओढावयाची आणि पेट्रोल दुसऱ्या गाडींत सोडावयाचें, ही रीत आपल्याकडे अद्याप सर्रास चालते. या खेळांत पेट्रोल ओठांवर थांबत नाहीं. एक लहानसा घोट चुकून श्वासनलिकेंत उतरला तरी फुफ्फुसांस दाह होऊन न्यूमोनिया होतो. असें कोणास झालें, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवूं नये. उलटींत तेंच पेट्रोल पुन्हां फुफ्फुसांत जाण्याचें भय असतें. थेट रुग्णालय गांठावें. गाडी वाटेंत बंद पडली तर पडो. नळीला तोंड लावणारा मुलगा घरांत नसावा.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. त्या पहिल्या दिवशीं आमची सारवासारव चालली असतां मातोश्री ओटीवरून पाहत होत्या. टांकीकडे बोट दाखवून त्यांनीं नातवाला विचारलें, "अरे, नवें कोठून आणलेंस तें कळलें. हें जुनें कोठें ओतणार?"

"मागच्या गटारांत ओततों, आजी. एक बादली पाणी टाकलें कीं झालें."

"आणि गटार कोठें जातें रे?"

पुतण्या यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. पण या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमच्यापाशींहि नव्हतें. इतकीं वर्षें गाडी मेस्तरीकडे जाऊन स्वच्छ होऊन येत होती. तिचें काळें तेल मागें कोठें राहतें, हें आम्हीं एकदांहि विचारलें नव्हतें.

उत्तर फार लांब नाहीं. द्वारकेवरून पुण्याच्या रस्त्यानें निघालें कीं नासर्डीचा पूल लागतो. हिलाच नंदिनी असेंहि म्हणतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या वस्तींतून येणारी ही नदी पुढें टाकळीस गोदावरीला मिळते. याच संगमाच्या पाण्यांत उभें राहून समर्थ रामदासांनीं बारा वर्षें पुरश्चरण केलें, असें परंपरा सांगते. ज्या पाण्याचें नांव आपण स्नानाच्या वेळीं घेतों, त्याच पाण्याकडे आपलें गटार वाहतें. सिंहस्थाच्या वर्षीं गोदावरीच्या शुद्धतेविषयीं आपण सारे बोलतों. तेलाच्या बादलीपाशीं मात्र ती आठवत नाहीं.

साडेतीन लिटरांनीं एवढें काय होणार, असें कोणी म्हणेल. बेंजामिन फ्रँकलिन यानें लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर एक चहाचा चमचा तेल टाकलें, आणि तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें गुळगुळीत झालेलें पाहिलें. १७७४ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. साडेतीन लिटरांत असे सातशें चमचे होतात. सर्व तेलें सारखीं पसरत नाहींत, तरी यावरून अंदाज यावा. हा थर पाण्यास हवा मिळूं देत नाहीं. आणि काळ्या तेलांत काजळी, धातूचे कण व इतर अपायकारक द्रव्यें असतात तीं निराळींच. वाळवी लागूं नये म्हणून तें लांकडांस फांसणें, धूळ बसावी म्हणून अंगणांत शिंपडणें, किंवा बंबांत जाळणें, हे उपायहि तितकेच वाईट; एका ठिकाणचें विष दुसऱ्या ठिकाणीं नेण्यापलीकडे त्यांनीं कांहीं साधत नाहीं.

उलट हें तेल टाकाऊ मुळींच नाहीं. तें मळतें, संपत नाहीं. मळ काढून शुद्ध केलें म्हणजे त्याचें पुन्हां तेल होतें. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयींच्या केंद्रीय नियमांत वापरलेलें तेल येतें, आणि २०२३ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनःशुद्धीकरणाची जबाबदारी टाकली आहे. घरच्या माणसानें करावयाचें एवढेंच : नवें तेल ज्या डब्यांतून आलें त्याच डब्यांत जुनें भरावें, झांकण घट्ट लावावें, वर 'वापरलेलें तेल' अशी चिठ्ठी चिकटवावी, आणि त्यांत कूलंट, पेट्रोल वा पाणी यांचा थेंब मिसळूं देऊं नये, मिसळ झालेलें तेल शुद्ध करणें फार कठीण. मग तो डबा अशा गॅरेजांत नेऊन द्यावा, जेथून तें अधिकृत शुद्धीकरणाकडे जातें. 'तुमचें जुनें तेल कोण नेतो?' असा प्रश्न तेथें संकोच न करतां विचारावा. ज्याच्यापाशीं नीट उत्तर आहे, त्याच्याकडेच गाडीहि द्यावी.

आमच्या पुतण्यानें चार ठिकाणीं तो प्रश्न विचारला. तीन ठिकाणीं लोक हंसले; चौथ्या ठिकाणीं वृद्ध मेस्तरीनें आंत नेऊन झांकण लावलेलें पिंप दाखविलें, आणि तें कोण नेतो त्याची पावतीहि दाखविली. डबा तेथें रिकामा झाला. घरीं आल्यावर पुतण्यानें वहींत उपसलेल्या तेलाच्या आंकड्यापुढें 'पोंचलें' असा शब्द लिहिला, तेव्हां कोठें मातोश्रींनीं त्याला हातपाय धुऊन जेवावयास बसण्याची परवानगी दिली.

पंपानें मेस्तरीची मजुरी वांचते, हें खरें. पण त्यासाठींच तो घ्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या गाडीनें वर्षभर केलेली घाण तो आपल्या डोळ्यांपुढें, मोजून आणून ठेवतो, हा त्याचा मोठा उपकार आहे. एकदां ती अशी समोर आली म्हणजे गृहस्थाला तिच्याकडे पाठ फिरवितां येत नाहीं. ज्यांस हें काम घरीं करावयाचें नाहीं, त्यांनीं तें खुशाल मेस्तरीकडून करवावें. वहींत तेवढें एक घर मात्र अवश्य आंखावें, आणि तें कोरें राहूं देऊं नये.